बॅटरी टेस्टरच्या नोंदी: नागपूर, नोव्हेंबर ते जुलै

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

टेस्टर आला. मोबाइलपेक्षा थोडा जाड, खाली हातभर वायर, टोकाला लाल आणि काळा चिमटा. आत स्वतःचा सेल नाही. चिमटे बॅटरीला लावले की तिच्याच करंटवर चालू होतो. मेनूत तीन कामं आहेत: बॅटरी टेस्ट, क्रँकिंग टेस्ट, चार्जिंग टेस्ट.

गाडी पेट्रोल हॅचबॅक. बॅटरी ३८बी२०एल, १२ व्होल्ट, ३५ एएच (अँपिअर-तास, म्हणजे साठ्याचं माप), साधी ॲसिडची, वर सहा बुचं. या कोडमध्ये ३८ हा ताकदीचा दर्जा, बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट, २० म्हणजे अंदाजे सेंटिमीटरमधली लांबी आणि एल म्हणजे टर्मिनलची बाजू. चौथं वर्ष चालू आहे, वॉरंटी संपली.

दिवाळीआधी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा सांगण्यात आलं, "बॅटरी वीक आहे, बदलून घ्या." गल्लीच्या तोंडावरच्या बॅटरीवाल्याने हेडलाइट लावून सेल्फ मारायला लावला आणि म्हणाला, "काहून बदलता भाऊ, अजून दोन वर्षं काही होत नाही हिला." आकडा दोघांनीही सांगितला नाही. म्हणून हा उद्योग.

बाजारातून आल्या आल्या चिमटे लावले: १२.८४ व्होल्ट, चार्ज १०० टक्के. हा आकडा धरायचा नाही. गाडी नुकतीच चालून आली की प्लेटांच्या पृष्ठभागावर वरवरचा चार्ज साचलेला असतो, तो काही तासांत उतरतो. घाई असेल तर दोन मिनिटं हेडलाइट लावायचे, बंद करायचे, थोडं थांबून मोजायचं. मला घाई नाही. सकाळी बघू.

१० नोव्हेंबर

सकाळी साडेसहा, गाडी रात्रभर उभी. १२.५१ व्होल्ट. २९० सीसीए (कडक थंडीत बॅटरी किती करंट देईल त्याचा आकडा). आतला रोध १०.३ मिलीओहम.

व्होल्टचा हिशोब पाठ करून ठेवण्यासारखा आहे. गाडी निवांत उभी असताना १२.६ किंवा वर म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ अर्धी, १२.० पाव. १२.५१ म्हणजे पूर्ण नाही, पण तक्रार करण्यासारखीही नाही. रोज ऑफिसला जाऊन येऊन सहा-सात किलोमीटर, त्यात दहा सिग्नल. तेवढ्यात अल्टरनेटर तरी किती भरणार?

पुढच्या सगळ्या नोंदी याच वेळी, याच पद्धतीने: रात्रभर उभी, सकाळी, बॉनेट उघडून पाच मिनिटांनी.

१७ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस सेटिंगवर गेला, आणि तो जायलाच हवा होता. टेस्टर आधी विचारतो: बॅटरीचा प्रकार कुठला, मानक कुठलं, रेटिंग किती. प्रकार सोपा आहे. साधी फ्लडेड (पातळ ॲसिडची), ईएफबी (तिचीच मजबूत आवृत्ती), एजीएम किंवा जेल. मानकात सीसीए, ईएन (युरोपीय), डीआयएन (जर्मन), जेआयएस (जपानी), आयईसी अशी रांग लागते.

सीसीए म्हणजे उणे १८ अंश तापमानात ३० सेकंद जेवढा करंट ओढला तरी बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली जात नाही, तो करंट. नागपुरात उणे १८ अंश कुणी पाहिलेत! पण मोजपट्टी जगाने तीच धरली आहे, तर आपणही तीच धरायची. ईएनचा आकडा त्याच बॅटरीसाठी थोडा कमी येतो. जुना डीआयएनचा आकडा तर जवळजवळ साठ टक्क्यांवर येतो. त्यामुळे लेबलवरचा डीआयएनचा आकडा सीसीए म्हणून भरला, तर अर्धमेली बॅटरीही ठणठणीत निघते.

माझ्या लेबलवर सीसीए छापलेलाच नाही, फक्त एएच आणि कोड. जेआयएसच्या यादीत ३८बी२०एल सापडला. तो निवडल्यावर आरोग्य ८८ टक्के, निकाल 'गुड'.

मग मुद्दाम एक गंमत केली. बॅटरी तीच, चिमटे जागचे हलवले नाहीत, फक्त रेटिंग बदलत गेलो. २५० भरलं तर आरोग्य १०० टक्के. ३०० भरलं तर ९७. ३५० ला ८३. ४०० ला ७३. ४५० भरलं तर ६४ टक्के आणि 'रिप्लेस'. मोजलेला सीसीए प्रत्येक वेळी तोच, २९०. म्हणजे हिरवा-लाल निकाल हा नुसता भागाकार आहे. खालची संख्या भरणाऱ्याच्या हातात असते. यापुढे टक्के लिहीन, पण लक्ष ठेवायचं ते सीसीए आणि मिलीओहमवर.

तो २९० तरी कुठून येतो? टेस्टर बॅटरीतून शेकडो अँपिअर ओढत नाही. तेवढ्या करंटला ही वायर टिकणारही नाही. तो छोटासा ठरावीक सिग्नल आत सोडतो, व्होल्ट किती हलले ते बघतो आणि त्यावरून बॅटरी करंट किती सहज वाहू देते ते काढतो. सीसीए हा त्यावरून बांधलेला अंदाज. ही पद्धत मिनेसोटा विद्यापीठातले कीथ चॅम्प्लिन यांची, त्यांचं पेटंट १९७५ सालचं. त्याआधी आणि अजूनही कित्येक दुकानांत लोड टेस्टर असतो: तापणारी जाड तार लावून सीसीएच्या निम्मा करंट १५ सेकंद ओढायचा, ९.६ च्या वर राहिली तर पास. ती परीक्षा खरी मेहनतीची, पण आधी बॅटरी भरलेली लागते, आणि बॅटरीवर ठिणग्या उडवण्याची हौस मला घरी नाही.

गोदामाचं दार किती रुंद आहे ते या यंत्राला कळतं, आत पोती किती आहेत ते कळत नाही. दार आणि पोती यांचं नातं असतं, पण ते पक्कं नसतं. हा मुद्दा पुढे तपासून बघायचा आहे. कसा, ते अजून ठरलेलं नाही.

१ डिसेंबर, रविवार

पॉझिटिव्ह टर्मिनलवर निळसर-पांढरी भुकटी धरली आहे. साफ करण्याआधी मोजून घेतलं.

चिमटा शिशाच्या पोलवर नीट बसवला: १०.३ मिलीओहम. तोच चिमटा लगच्या (पोलला धरणाऱ्या वायरच्या पकडीच्या) बोल्टवर लावला: १२.६ मिलीओहम, सीसीए २३८. बॅटरी तीच, एका मिनिटाचं अंतर. चिमटा पोलवरच पण जरा तिरपा धरला तर १०.९. आडवातिडवा फिरवून दात शिशात रुतवले की परत १०.३. दशांश जिथे मोजायचे आहेत तिथे चिमट्याचं बूड महत्त्वाचं. या चिमट्याच्या दोन्ही जबड्यांना वेगवेगळी वायर जाते, एकीतून सिग्नल जातो, दुसरीवरून व्होल्ट वाचले जातात. म्हणून दोन्ही जबडे धातूला टेकलेच पाहिजेत. एक जबडा रंगावर किंवा भुकटीवर बसला की आकडा गेला.

मग सफाई. दहा नंबरचा पाना. आधी निगेटिव्ह काढायचा, लावताना तो शेवटी. उलट केलं आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतो. हातातली अंगठी आणि घड्याळ आधी काढून ठेवायचं. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासलं. फसफसून निघालं. बुचं घट्ट बंद ठेवायची, सोडा आत गेला तर ॲसिड मारलं जातं. कोरडं पुसून, लग घट्ट करून वरून व्हॅसलिन.

पोलवरचा आकडा अर्थातच तोच राहिला, १०.३. पण बोल्टवर आता १०.५ येतो. दोन मिलीओहम भुकटीत अडकले होते. सेल्फ घेताना शंभर-दीडशे अँपिअर वाहतात, तेव्हा दोन मिलीओहम म्हणजे पाव व्होल्टच्या आसपास जागच्या जागी गायब. 'बॅटरी वीक' म्हणणाऱ्याने बहुधा हाच सुस्त सेल्फ ऐकला असावा.

पाणीही बघितलं. पाचव्या खान्यात पातळी बाकीच्यांपेक्षा खाली. डिस्टिल्ड वॉटर घातलं. ॲसिड कधीही घालायचं नाही, उडतं ते पाणीच.

२२ डिसेंबर, रविवार

थंडी पडली. पहाटे गॅलरीतला थर्मामीटर १० अंश. १२.४६ व्होल्ट, २७६ सीसीए, १०.९ मिलीओहम. महिन्याभरात बॅटरी खराब झाली असं नाही. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, रोध वाढतो. या टेस्टरला तापमान मोजता येत नाही, म्हणून शेजारी अंश लिहायला सुरुवात केली.

क्रँकिंग टेस्ट. लेकीला ड्रायव्हर सीटवर बसवलं, मी बॉनेटशी. टेस्टर म्हणतो 'स्टार्ट इंजिन', तिने सेल्फ मारला. सगळ्यात खाली ९.९४ व्होल्ट, वेळ ८९० मिलिसेकंद. ९.६ च्या खाली गेला असता तर चिंता. नोव्हेंबरच्या शेवटी याच टेस्टमध्ये १०.२ आले होते.

तिन्ही टेस्टमध्ये मला ही सगळ्यात आवडते, कारण इथे रेटिंग कुणी भरत नाही. खरा स्टार्टर खरा करंट ओढतो. फक्त टेस्ट करताना एसी, टेप, हेडलाइट सगळं बंद ठेवायचं आणि दर वेळी इंजिन सारखंच गार असायला हवं.

५ जानेवारी २०२५

चार्जिंग टेस्ट. नुसत्या आयडलवर १४.३ व्होल्ट. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा डिफॉगर लावून, ॲक्सिलरेटर थोडा दाबून १४.१. तरंग, म्हणजे डीसीवर उरलेली एसीची लहर, २० मिलिव्होल्ट. अल्टरनेटरचा एखादा डायोड गेला की ही लहर एकदम वाढते. अल्टरनेटर ठीक.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन आटोपलं, सगळे खालीच. मी टेस्टर घेऊन उतरलो होतो ही बातमी पोह्यांच्या आधी पसरली. एकेक गाडीचं बॉनेट उघडायला लागलं.

बी विंगमधल्या दादांची नवी गाडी, सिग्नलला आपोआप बंद होणारी. इंजिन चालू असताना चार्जिंग टेस्टमध्ये १२.८ व्होल्ट, टेस्टर म्हणाला 'लो'. दादांचा चेहरा उतरला. काही बिघडलेलं नाही. या गाड्यांत कॉम्प्युटर अल्टरनेटरला हुकूम देतो: बॅटरी भरलेली असली की व्होल्ट खाली आणून पेट्रोल वाचवायचं, ब्रेक लावताना वर नेऊन फुकटात भरून घ्यायचं. हेडलाइट लावून पाच मिनिटं थांबलो तर १४ च्या वर गेला. बॅटरीवर ईएफबी लिहिलेलं, म्हणून प्रकारही ईएफबीच निवडला. साधी फ्लडेड निवडून काढलेला निकाल अशा गाडीला लागू नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी. मुलगा पुण्याला, काका स्वतः चालवत नाहीत, दिवाळीपासून कव्हरखाली. ११.८६ व्होल्ट. सीसीए १९४. निकाल 'चार्ज अँड रीटेस्ट'. काका म्हणाले, "म्हणजे गेली का?" म्हटलं, काका, उपाशी माणसाची ताकद मोजायची नाही, आधी जेवू घाला. रिकाम्या बॅटरीचा सीसीए कमीच येतो. ती मेली आहे की नुसती उतरली आहे हे त्या क्षणी या यंत्रालाही कळत नाही.

तळमजल्यावरच्या ताईंची १०.४१ व्होल्ट. ही मात्र वेगळी वाटते.

बाकीच्या चार-पाच गाड्या ठीकठाक, लिहिण्यासारखं काही नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

काकांची बॅटरी आठवडाभर माझ्याकडे होती. चार्जर एएचच्या दहाव्या हिश्श्यावर, म्हणजे साडेतीन अँपिअर. रात्रभर, सकाळी पाहणी, परत दिवसभर. बुचं सैल, खिडकी उघडी. चार्जर काढून एक दिवस तशीच ठेवली. १२.६२ व्होल्ट, २७१ सीसीए. १९४ वरून २७१. बॅटरी वाचली, दुकानातला खर्चही वाचला. पण दोन महिने उतरलेल्या अवस्थेत राहिली, त्यामुळे प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक काही प्रमाणात बसलेच असणार. पूर्वीइतकी होणार नाही. काकांना सांगितलं, आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास फिरवा. जागेवर उभी करून दहा मिनिटं इंजिन चालवण्यात अर्थ नाही, सेल्फने घेतलेलं जेमतेम परत जातं.

ताईंची तेवढाच वेळ लावली. १०.५२ वर अडली, वर जाईना. एक खाना २.१ व्होल्टचा, सहा खान्यांचे १२.६. त्यातून एक वजा केला तर १०.५. आकडाच सांगतो की एक खाना आतून शॉर्ट आहे. टेस्टरने 'बॅड सेल' लिहून तेच कळवलं. इथे रेटिंग काहीही भरा, निकाल बदलत नाही.

१६ फेब्रुवारी

माझी बॅटरी शनिवार-रविवार उभी राहिली की १२.४ वर येते. दोन दिवसांत एवढी घसरण का?

हे काम टेस्टरचं नाही, मल्टिमीटरचं. निगेटिव्ह लग काढला, मधे मीटर १० अँपिअरच्या भोकात लावला. त्याआधी बॉनेटचं आणि दाराचं लॅच स्क्रूड्रायव्हरने 'बंद' करून ठेवलं, किल्ली लांब नेऊन ठेवली. पहिली दहा मिनिटं आकडा नाचतो, गाडीतले कॉम्प्युटर एकेक करून झोपतात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, फ्यूज तर जाईलच.

अर्ध्या तासाने १८० मिलिअँपिअर. ५० पर्यंत चाललं असतं. फ्यूज एकेक काढत गेलो. डॅशकॅमची वायर ज्या फ्यूजवरून घेतली आहे तो काढला आणि आकडा ३० वर. डॅशकॅमचा पार्किंग मोड. १८० म्हणजे दिवसाला ४.३ एएच. ३५ एएचची बॅटरी चार दिवसांत निम्मी, गाडी न हलवता. पार्किंग मोड बंद केला. आमच्या पार्किंगमध्ये तसंही रात्री कुत्र्याशिवाय कुणी फिरत नाही.

३० मार्च, गुढीपाडवा

सी विंगमधल्या एका भाऊंची वॉरंटीची अडचण. कार्डावर २४+२४ महिने: पहिले २४ फुकट बदलून, पुढचे २४ जेवढे उरले तेवढी सूट. यांची २१ व्या महिन्यात सकाळी धक्का मारायला लावते. दुकानात नेली, दुकानदाराने आपला टेस्टर लावला, कागदाची चिठ्ठी फाडून दिली: 'गुड बॅटरी, ८८ टक्के'. दावा फेटाळला.

चिठ्ठी मागून बघितली. मोजलेला २६५, भरलेलं रेटिंग ३००. बॅटरीच्या लेबलवर स्पष्ट ४०० ईएन छापलंय. ४०० ने भागलं तर ६६. भाऊंना म्हटलं, भांडू नका, फक्त लेबलवर बोट ठेवून म्हणा की हा आकडा भरून परत मोजा, आणि रात्रभर चार्ज करून मोजा.

बॅटरी बदलून मिळाली, गुढी उतरायच्या आत फोन आला. दुकानदाराने मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही. त्यांच्या यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचं रेटिंग तसंच राहिलेलं असतं, आणि तासाला दहा गाड्या येतात. पण चिठ्ठी हातात आली की निकालाच्या आधी रेटिंगची ओळ वाचायची.

२७ एप्रिल, रविवार

सकाळी सहा, २८ अंश: १२.५७ व्होल्ट, २८६ सीसीए. दुपारी तीन, बॉनेटखाली हात ठेववत नाही: ३०९ सीसीए, ९.७ मिलीओहम.

उन्हाळ्यात दुपारी मोजली तर बॅटरी तरुण झाल्यासारखी वाटते. डिसेंबरात २७६, आता ३०९, हे बघून एखादा आनंदाने सर्व्हिसिंग सेंटरवाल्याला खोटं ठरवेल. गरम ॲसिडमधून करंट सोपा जातो, एवढंच त्यातलं खरं. त्याच उष्णतेत आतल्या शिशाच्या जाळ्या गंजतात आणि पाणी उडतं. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं असा ठोकताळा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, आणि बॉनेटखाली त्याहून किती जास्त ते वेगळं. बॅटरी मरते मे महिन्यात, कळतं डिसेंबरात.

पाणी पाहिलं. पाचव्या खान्यात परत कमी. इतर पाच सारखे.

१० मे, शनिवार

नोव्हेंबरपासून डोक्यात होतं ते आज केलं: गोदामातली पोती, म्हणजे बॅटरीतला साठा, मोजायची.

३५ एएच हा आकडा २० तासांच्या हिशोबावर असतो. म्हणजे १.७५ अँपिअर सतत ओढले तर २० तासांनी बॅटरी १०.५ व्होल्टवर आली पाहिजे. आता १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर म्हणजे २१ वॉट. ब्रेकलाइटचा बल्ब बरोबर २१ वॉटचा! स्पेअर पार्टच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळतो. होल्डर, दोन वायर, मधे पाच अँपिअरचा फ्यूज. बल्ब तापतो, म्हणून फरशीवर ठेवला, चिनी मातीच्या बशीत.

काल बॅटरी काढून पूर्ण चार्ज केली, रात्रभर निवांत ठेवली. सुरुवातीची नोंद: १२.६४ व्होल्ट, २८४ सीसीए, १०.६ मिलीओहम, टेस्टरच्या मते आरोग्य ८६ टक्के, 'गुड'.

सकाळी सहाला बल्ब पेटवला. मल्टिमीटरवर १.७६ अँपिअर. मग तासातासाला व्होल्ट:

सातला १२.४१. नऊला १२.२३. बाराला ११.९५. दोनला ११.७०. चारला ११.३४. पाचला ११.०२. साडेपाचला १०.५१. बल्ब काढला.

शेवटचा तास बघण्यासारखा होता. दिवसभर गोगलगाय, आणि साडेचारनंतर मीटरचा शेवटचा अंक माझ्यासमोर पडत होता. बल्बाचा उजेड मात्र शेवटपर्यंत साधारण तसाच वाटत होता, डोळ्याने काही कळलं नसतं.

साडेअकरा तास, सरासरी १.७ अँपिअर धरला तर १९.५ एएच. ३५ पैकी. म्हणजे ५६ टक्के. आणि खोलीत ३६ अंश, गरमीत बॅटरी उलट जास्तच देते, त्यामुळे खरा आकडा याहून कमीच.

टेस्टर ८६ म्हणतो, बल्ब ५६.

टेस्टर खोटं बोलला नाही. दार अजून रुंद आहे, सेल्फला जो क्षणभराचा मोठा करंट लागतो तो ती देते आणि रोज सकाळी गाडी सुरू होते. पण आतला साठा निम्म्यावर आलाय. लाइट चुकून दोन तास राहिले, किंवा हेडलाइट-वायपर लावून ट्रॅफिकमध्ये अडकलो, तर उभं राहायला जागा उरलेली नाही.

लगेच चार्जरला लावली. सेल्फच्या बॅटरीला इतकं खोल उतरवणं मानवत नाही, एका अशा परीक्षेत तिचं थोडं आयुष्य जातंच. नव्या बॅटरीवर हे कधीच करायचं नाही. मरणपंथाला लागलेलीवर एकदा चालतं. गाडीतलं घड्याळ आणि टेपची सेटिंग गेली, ती परत लावली.

१२ मे, सोमवार

चार्ज झाल्यावर गल्लीतल्या बॅटरीवाल्याकडे नेली, हायड्रोमीटरने ॲसिडची घनता मोजायला. काचेची नळी, रबरी फुगा, आत तरंगणारा काटा. त्याने एकेक बूच उघडून ॲसिड ओढलं आणि नळी डोळ्यांसमोर धरून आकडे ओरडत गेला, मी वहीत लिहीत गेलो: १.२४०, १.२३५, १.२४०, १.२३५, १.१९५, १.२४०.

पाचवा. जो पाणी पित होता तोच.

आपल्या हवेसाठी भरतात त्या ॲसिडला पूर्ण चार्जवर १.२४० च्या आसपास घनता येते. सगळे खाने एकसारखे असले तर थोडं खालीवर चालतं, पण एका खान्यात ०.०४५ चा फरक म्हणजे तो मागे पडलाय. सहा खाने ओळीने जोडलेले. टेस्टरला सगळ्यांचा मिळून एक आकडा दिसतो, पाच चांगल्यांच्या बेरजेत एकाचं दुखणं झाकलं जातं. साठा मात्र सगळ्यात कमजोर खान्याइतकाच. शनिवारी शेवटच्या अर्ध्या तासात व्होल्ट कोसळले ते या खान्याचेच असणार.

बॅटरीवाल्याला बल्बाची गोष्ट सांगितली. तो हसला. "भाऊ, एवढा वेळ आमच्यापाशी कुठं. पण पाचवा खाना गेला हे बरोबर सांगितलं मशीननं तुमच्या?" म्हटलं, मशीनने नाही, तुमच्या नळीने.

आता येणाऱ्या कित्येक बॅटऱ्यांना बुचंच नसतात. मग ही नळी चालवायची कुठे?

७ जून, शनिवार

मृग लागायच्या आत बदलली. मे महिना जुनीवरच काढला. नवी उन्हाळ्यानंतर घ्यायची असं मी आधीच ठरवलं होतं, पहिल्याच महिन्यात तिला भट्टीत कशाला घालायची.

दुकानात आधी तारखेचा कोड बघितला. तीन महिन्यांच्या आतली घ्यायची, शेल्फवर पडून राहिलेली हळूहळू उतरतच असते. तिथेच टेस्टर लावला. दुकानदार जरा चमकला, पण काही बोलला नाही. पहिली दाखवली ती १२.३८ व्होल्ट. दुसरी मागितली: १२.६६, ३३८ सीसीए, ८.९ मिलीओहम. ही घेतली. वॉरंटी कार्डावर शिक्का, तारीख आणि बॅटरीचा अनुक्रमांक माझ्यासमोर लिहून घेतला.

जुनी परत दिली, त्याची रक्कम बिलातून वजा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी गोळा करून नीट मोडीत काढण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे दुकानात देणं हेच सरळ. भंगारवाला पाच-पन्नास जास्त देईल, पण ॲसिड कुठल्या नालीत ओतेल सांगता येत नाही.

८ जून

सकाळी सहा, २९ अंश, गाडीत बसवल्यानंतरची पहिली शांत नोंद: १२.६७ व्होल्ट, ३३६ सीसीए, ८.९ मिलीओहम. क्रँकिंग १०.७, वेळ ७२० मिलिसेकंद. चार्जिंग १४.३.

पांढऱ्या मेडिकल टेपवर हेच आकडे तारखेसह बॉलपेनने लिहून बॅटरीच्या पुढच्या बाजूला चिकटवले. जेआयएसच्या यादीतलं रेटिंग आता मला लागत नाही. या बॅटरीचं रेटिंग ३३६, ती नवी असताना तिने स्वतः सांगितलेलं. यंत्रातही सीसीए निवडून हाच आकडा भरून ठेवला. आज आरोग्य १०० टक्के दाखवतो, साहजिक आहे. पुढे ८० म्हणाला तर तो याच बॅटरीच्या मूळ ताकदीचा ८० असेल.

६ जुलै, आषाढी एकादशी

पाऊस, २६ अंश. १२.६४ व्होल्ट, ३३३ सीसीए, ९.० मिलीओहम. डॅशकॅम जोडलेलाच आहे, पार्किंग मोड बंद.

काकांच्या गाडीचीही नोंद घेतली: १२.५५, २६६. मुलगा पुण्याहून आल्यावर तो चालवतो, एरवी आता काका स्वतः रविवारी अंबाझरी तलावापर्यंत चक्कर मारून येतात. त्यांनी स्वतःची वही केली आहे. तारीख, तापमान, व्होल्ट, सीसीए. मिलीओहमचा रकाना त्यांनी आखला नाही, म्हणाले, तो तुझ्याकडे असू दे.

टेस्टर आता त्यांच्याकडे आहे. पुढची मोजणी दोन्ही गाड्यांची एकाच सकाळी, ऑगस्टच्या पहिल्या रविवारी.